मदत हवी आहे: गिरणीच्या झांकीवरची कथा

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. एका दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची आहे. 'सध्या भयकथा चालतात, तसलं काहीतरी दे,' असा सल्ला मिळाला. लिहून पाहिलं. वाक्यं नीट उतरतात, पण त्यांत जीव नाही.

माझं मन अडकलंय अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत, म्हणजे आमच्या इथल्या गिरणी कामगारांच्या मिरवणुकीतल्या हलत्या चित्ररथांत. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी... गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, पण झांक्या अजून रात्रभर निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांची देणी २०२३ पर्यंत अडकली, तरी त्यांनी वर्गणी काढून झांकी सजवलीच. हे मला लिहायचंच आहे! माझा नायक झांकीच्या पाटाखाली, अंधारात पाय मुडपून बसतो आणि हाताने चाक फिरवतो. तेव्हा वर कृष्णाचा हात हलतो. लोक टाळ्या वाजवतात, त्याला दिसतात फक्त त्यांच्या चपला. हे सुचलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

आता अडचण. विषय इतका जवळचा आहे की कथेत माहितीच फार भरली जाते. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तुम्ही कसं ठरवता? आमच्या इथल्यासारखी हिंदीमिश्रित मराठी संवादांत ठेवली तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जाईल का? मला ती बदलावीशी वाटत नाही.

आणि कुणाच्या घरी झांकी बनवणारे काका-आजोबा असतील तर कृपया सांगा, बोलायचं आहे. कच्चा खर्डा वाचायला कुणी तयार असेल तर फारच उत्तम. मुदत महिनाअखेरची आहे.