बी-३०४ ची विक्री आणि एजंट : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०४ : नमस्कार सगळ्यांना. मी सध्या बंगलोरला मुलाकडे आहे, म्हणून इथेच लिहिते. आमचा फ्लॅट विकायला काढलाय हे बहुतेकांना माहीत आहे. किल्ली एजंटकडे आहे. सुरुवातीला म्हणाला, "ताई, ९५ लाख आरामात येतील, माझ्याकडे पार्ट्या तयार आहेत." आता रोज एकच पालुपद. मार्केट बसलंय, कोणी बघायलाच येत नाही, एक इन्व्हेस्टर ८२ ला तयार आहे, चेक घेऊन बसलाय, हो म्हणून टाका. मी फोन केला की उचलत नाही. तुम्हाला कोणाला फ्लॅट बघायला लोक येताना दिसतात का? आणि कोथरूडमध्ये भाव खरंच एवढे उतरलेत का?

बी-३०३ : अगं, कोणी येत नाही असं कसं म्हणतो तो? मी समोरच राहते ना. शनिवार-रविवार ये-जा चालूच असते. परवा एक जोडपं आलं होतं, बरोबर मुलाची आई. त्या बाईंना बाल्कनीतून टेकडी दिसते ते इतकं आवडलं की परत परत जाऊन उभ्या राहत होत्या. ओट्याखालचे ट्रॉलीचे कप्पे ओढून बघितले, मोजमाप विचारलं. घ्यायचं नसेल तर कोणी एवढं बघत नाही. आणि बाहेर पडल्यावर लिफ्टपाशी, अगदी माझ्या दारासमोर, हा त्यांना सांगतोय, "बिल्डिंग जुनी आहे, पाण्याचा प्रॉब्लेम आहे, सोसायटी ट्रान्स्फरचे लाखभर मागते. थोडं बजेट वाढवा, समोर नव्या स्कीममध्ये दाखवतो." मी दार उघडेपर्यंत लिफ्ट खाली गेली.

बी-३०४ : काकू, हे मला आत्ता कळतंय. मला त्याने त्या रविवारी सांगितलं होतं की कोणीच आलं नाही.

सेक्रेटरी : गेटवरचं रजिस्टर बघून आलो. "बी-३०४ बघायला" अशा बऱ्याच नोंदी आहेत, त्याच्याच सहीने. पानांचे फोटो ताईंना वैयक्तिक पाठवतो, इथे टाकत नाही, त्यात लोकांचे मोबाइल नंबर आहेत.
आणि लाखभराचं कुठून काढलं? महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० घेता येतं, ९ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. त्यावर ट्रान्स्फर फी ५०० आणि प्रवेश फी १००. आपण एक रुपया जास्त घेत नाही. अशा बोलण्याने उद्या आपल्या कोणाचाही फ्लॅट विकताना गिऱ्हाईक बिचकेल. हा विषय एकट्या ३०४ चा नाही.

ए-१०२ : ताई, एका साइटवर जाहिरात सापडली. स्क्रीनशॉट टाकतोय. हॉल तुमचाच आहे ना? देवघराची जाळी ओळखली मी. किंमत १ कोटी ८ लाख लिहिली आहे आणि कार्पेट ८५० स्क्वेअर फूट.

बी-३०४ : हॉल आमचाच. पण मी ९५ सांगितले होते! आणि करारनाम्यात कार्पेट ६४० आहे.



सी-४०१ : मी बँकेत गृहकर्ज विभागात होतो, असे प्रकार टेबलावर बसून पाहिलेत. सविस्तर लिहितो, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.
मालकाने ९५ सांगितले की काही एजंट त्याला "नेट रेट" धरतात. वर जे मिळेल ते आपलं, अशा हिशोबाने बाहेर १ कोटी ८ सांगतात. दलाली वेगळी, मधला गाळा वेगळा. येणारा माणूस आजूबाजूचे भाव काढून आलेला असतो, १ कोटी ८ ऐकून निघून जातो. ऑफर काही येत नाही. मालक लांब असेल तर महिना-दोन महिन्यांत थकतो, आणि तेव्हा ८२ वाला इन्व्हेस्टर बाहेर काढतात. तो बऱ्याचदा एजंटच्याच ओळखीतला असतो. तुमच्या बाबतीत तसंच आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जाहिरात १ कोटी ८ ची आणि तुम्हाला दर ८२ चा, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतायत, हे समोर आहे.
शिवाय ६४० च्या जागी ८५० लिहिल्याने खरा घेणारा टेप लावतो तेव्हा त्याला वाटतं मालकच खोटं बोलतोय. नाव तुमचं खराब होतं.

ए-४०३ : सगळ्या एजंटना एका मापाने मोजू नका. माझा भाचा याच धंद्यात आहे. गेल्या वर्षी आमच्या मेहुण्यांचा फ्लॅट दुसऱ्या एजंटने विकला तेव्हा त्याने आधी शेअर सर्टिफिकेट आणि पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे मागून घेतले, एक इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, कमी होता तो स्वतः हवेलीच्या नोंदणी ऑफिसमधून काढून आणला, आणि कर्ज मंजूर होईल अशीच माणसं आणली. दोन टक्के दिले ते आनंदाने दिले. चांगला माणूस भेटला तर दलाली परवडते. पण काकू सांगतायत ते खरं असेल तर हा माणूस ३०४ विकतच नाहीये, ३०४ दाखवून समोरची स्कीम विकतोय. समोर बिल्डरकडून मिळणारं कमिशन जास्त असतं.

बी-३०४ : मग खरा भाव किती धरायचा? तो ८२ म्हणतो, जाहिरात १ कोटी ८ म्हणते. आता माझा कशावरच विश्वास राहिला नाही.

सी-४०१ : आपण अंदाजावर कशाला बसायचं? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मोफत ई-सर्च आहे. पुणे जिल्हा, गाव कोथरूड, वर्ष, आणि मिळकत क्रमांकात आपला सर्व्हे नंबर टाका. झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू दिसतात. त्यात "मोबदला" म्हणजे प्रत्यक्षात करारात लिहिलेली रक्कम आणि "बाजारभाव" म्हणजे रेडी रेकनरने, सरकारी दरतक्त्याने, काढलेली. आपल्याला मोबदला बघायचा. मी आत्ता बघितलं. आपल्याच सोसायटीतला दोन बीएचके, दुसरा मजला, टेकडीची बाजू नाही, ९१ ला गेलाय. तुमची बाजू चांगली आहे, मजला वरचा आहे. ९५ अवास्तव अजिबात नाही. ८२ ला देऊ नका.

बी-३०३ : ऐकलंस ना? हो म्हणू नकोस त्याला.

ए-१०२ : महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, तक्रार करू ना सरळ. एजंटना परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेणं बंधनकारक आहे आता.

सी-२०१ : वकील म्हणून सांगते. परीक्षेचं बरोबर आहे. पण रेरा कायदा २०१६ चा, आणि एजंटच्या नोंदणीचं कलम ९ हे रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. आपली बिल्डिंग त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या फ्लॅटच्या रिसेलची तक्रार तिथे टिकणं कठीण. मात्र समोरची स्कीम नोंदणीकृत आहे आणि तो ती विकतोय, तर त्याच्याकडे नोंदणी क्रमांक असायलाच हवा. महारेराच्या साइटवर नावाने शोधता येतं. नोंदणीच नसेल तर कलम ६२ खाली रोजचे १०,००० दंड आहे, वाढत वाढत सदनिकेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. तो भाग नंतर बघू.
३०४ साठी खरा उपयोगाचा कायदा जुनाच, १८७२ चा भारतीय करार कायदा. एजंट म्हणजे काय, त्याने कसं वागायचं, त्याला कसं काढायचं, सगळं त्यात आहे. ताई, तुम्ही त्याला काही सही करून दिलंय का?

बी-३०४ : एक पान आहे. सहा महिने फक्त त्याच्यामार्फतच विक्री, असं लिहिलंय. दोन टक्के दलाली, करारनामा नोंदवल्यावर. कुलमुखत्यारपत्र वगैरे काही दिलेलं नाही, मूळ कागदही माझ्याकडेच आहेत. त्याच्याकडे झेरॉक्स आहेत.

सी-२०१ : मूळ कागद तुमच्याकडे आणि कुलमुखत्यारपत्र नाही, म्हणजे सगळं तुमच्या हातात आहे.
मुदत ठरलेली असताना एजंटला मध्येच काढलं तर कलम २०५ प्रमाणे तो भरपाई मागू शकतो, पण "पुरेसं कारण नसेल" तरच. म्हणून फोनवर "तुमचं काम बंद" म्हणून भांडून उपयोग नाही. कारणं लेखी, पुराव्यासकट. रजिस्टरच्या नोंदी आणि त्याच तारखांचे "कोणी आलं नाही" हे त्याचे मेसेज शेजारी शेजारी ठेवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह. काकू, तुम्ही जे ऐकलं ते तुमच्या शब्दांत लिहून सही करून द्याल का?

बी-३०३ : देते की. आजच लिहिते.

सी-२०१ : पत्रात पाच-सहा वाक्यं पुरेत, शिवीगाळ नको. मसुदा असा घ्या :

"आपण दिनांक अमुक रोजीच्या पत्रान्वये माझ्या सदनिकेच्या विक्रीसाठी एजंट म्हणून काम पाहत होता. आपण माझ्या संमतीशिवाय जास्त किमतीची व चुकीच्या क्षेत्रफळाची जाहिरात केली, सदनिका पाहून गेलेल्या व्यक्तींची माहिती माझ्यापासून लपवली आणि त्यांना दुसऱ्या प्रकल्पाकडे वळवले. या कारणांमुळे मी आपली नेमणूक रद्द करीत आहे. पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत किल्ली परत करावी, सर्व जाहिराती काढाव्यात, सदनिका दाखवलेल्या व्यक्तींची यादी द्यावी, आणि माझ्या नावाने कोणाकडून टोकन घेतले असल्यास त्याचा हिशोब द्यावा. यापुढे माझ्या वतीने कोणाशीही बोलणी करू नयेत."

स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. त्याचाच फोटो व्हॉट्सअॅपवरही. टोकनची ओळ गाळू नका. तुम्हाला न सांगता त्याने कोणाचे पैसे घेतले असतील तर तो माणूस उद्या तुमच्या दारात येईल. आणि यादी यासाठी की यातलंच कोणी पुढे थेट आलं, तर दलाली कोणाची यावर वाद नको.

सेक्रेटरी : सोसायटीकडून एवढं करतो. आजपासून ३०४ बघायला कोणी आलं तर गेटवरून ताईंना फोन, त्यांनी हो म्हटलं तरच वर. किल्ली परत येईल तेव्हा येईल, पण त्याने डुप्लिकेट करून ठेवली नसेल कशावरून? लॅच बदलून घ्या. आपला चावीवाला उद्या सकाळी मोकळा आहे.

बी-३०३ : मी उभी राहून बदलून घेते. नवी किल्ली माझ्याकडे ठेवते.

*(पुढचा आठवडा)*

बी-३०४ : पत्राची पोच आली. किल्ली त्याने गेटवर ठेवली, जाहिरात काढली. यादी अजून दिलेली नाही. फोनवर आवाज चढवून म्हणाला, सहा महिन्यांची सही आहे, कोणालाही विका, माझे दोन टक्के द्यावेच लागतील. मी "लेखी पाठवा" एवढंच म्हटलं.

सी-२०१ : अगदी योग्य. तुमच्याच पानावर दलाली "करारनामा नोंदवल्यावर" आहे, त्याने तसं काही केलेलं नाही. कलम २२० सांगतं की कामात गैरवर्तन केलेल्या एजंटला त्या कामाचा मोबदला मिळत नाही. लेखी आलं तर मी उत्तर देईन. नाही आलं तर शांत बसा. पण यादी न देता तो म्हणाला की अमका माणूस मीच आणला होता, तर रजिस्टरची पानं आहेतच, ती जपून ठेवा.

ए-४०३ : ताई, मेहुण्यांचा तोच एजंट तयार आहे. एक टक्का म्हणाला, तुम्ही लांब आहात हे माहीत आहे त्याला. दर शुक्रवारी कोण आलं, काय म्हणालं, हे मेसेजने कळवायचं, असं मी आधीच ठरवून घेतलंय.

बी-३०४ : दादा, फार बरं झालं. या वेळी कागदावर ९५ हीच विक्रीची किंमत, त्यावर काही मिळालं तर तेही मालकाचं, हे वाक्य घालते. मुदत दोन महिने. दुसऱ्या एजंटलाही विचारायची मुभा.

सी-४०१ : उत्तम. विसार घेताना २०,००० किंवा त्यावर रोख अजिबात घेऊ नका, कायद्यानेच बंदी आहे. चेक किंवा आरटीजीएस, थेट तुमच्या खात्यात, एजंटच्या नाही. विसारपावतीवर व्यवहार फिसकटला तर काय, हे लिहा. ५० लाखांच्या वरचा व्यवहार आहे, घेणारा १ टक्का टीडीएस कापेल, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. दलालीही चेकने द्या आणि पावती घ्या, भांडवली नफा काढताना तो खर्च वजा होतो.

सेक्रेटरी : आणि घेणारा नक्की झाला की हस्तांतरणाची १५ दिवसांची नोटीस सोसायटीला द्यायची असते. नमुना ग्रुपच्या फाइल्समध्ये टाकलाय. सही करून मेल केलीत तरी चालेल, मूळ प्रत नंतर.