वरंधा घाट सायकलवाल्यांना द्या म्हणे!

हिरडोशीकर

कालपासून तीन जणांनी मला एकच पोस्ट पाठवली आहे. कुणा पुणेकर सायकलस्वाराची. म्हणणं असं की भोर-महाडचा वरंधा घाट नाहीतरी पावसाळ्यात बंदच असतो, तर जून ते सप्टेंबर तो फक्त सायकलींसाठी मोकळा ठेवा, "आल्प्समध्ये करतात तसं". सोबत फोटो. ओला रस्ता, धबधबा, मधोमध आडवी लावलेली सायकल. खाली लिहिलंय, "स्वर्ग! माणूस एकही नाही." त्याला दोनशे बदाम.

साहेब, त्या फोटोत नसलेली माणसं म्हणजे आम्ही, घाटातल्या गावांतली. आमची गाडी बंद होती म्हणून आम्ही तुमच्या स्वर्गात आलो नाही.

पावसाळ्यात जड वाहनं बंद होतात, रेड अलर्ट आला की सगळंच बंद. माझी बहीण खाली बिरवाडीकडे दिली आहे. एरवी सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला घरी परत येतो. घाट बंद झाला की ताम्हिणीने नाहीतर महाबळेश्वर-पोलादपूरने वळसा, म्हणजे अख्खा दिवस आणि खिसा दोन्ही गेले. भाचा झाला तेव्हा मी त्याचं तोंड अकराव्या दिवशी पाहिलं. आणि घाट का बंद ठेवतात तेवढं तरी विचारा कुणाला. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड आली, ते गाव याच महाड तालुक्यातलं. दरड समोरच्याची गाडी किती सीसीची आहे ते बघून पडत नाही.

चढउतार

ती पोस्ट माझी. नीट वाचली असतीत तर हा निबंध वाचला असता. अलर्ट असताना जाऊ द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. जड वाहनं बंद आणि रस्ता ठीक, असे कितीतरी दिवस असतात, तेव्हाचं बोलतोय.

आम्ही जायचं कुठे ते सांगा. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी. जुन्या हायवेने बोरघाट चढावा तर तोही मध्ये काही अंतर एक्सप्रेसवेलाच मिळतो. ताम्हिणीत शनिवार-रविवारी चारी दारं उघडून गाणी लावलेल्या गाड्या आणि रस्त्यावर बाटल्यांच्या काचा. दोन वर्षांपूर्वी तिथेच एका गाडीच्या आरशाने मला कोपरापासून सोललं. सात टाके. काच खाली करून वर मलाच शिवी. एक रस्ता मागितला हो, तुमचा सातबारा नाही मागितला!

नाणेघाटी

घाटात जकात ही आपली सातवाहनांपासूनची पद्धत. नाणेघाटात त्यासाठीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून आहे. वरंध्यात एक ठेवा, प्रत्येक सायकलवाल्याने नाणं टाकून पुढे जावं. हिरडोशीकरांच्या वळशाचं डिझेल निघेल.

इझारकाठची

म्युनिकमध्ये राहते, दर उन्हाळ्यात सायकलवर सामान लादून आल्प्समध्ये जाते, म्हणून "आल्प्समध्ये करतात तसं" याबद्दल बोलायचा थोडा हक्क सांगते. स्टेल्व्हिओ खिंड 2,757 मीटरवर, एका बाजूने 48 वळणं. ती गाड्यांना बंद करून सायकलींसाठी मोकळी ठेवतात, खरं आहे. वर्षातून एक दिवस! उन्हाळा संपता संपता, आणि तारीख आधीपासून जाहीर. हिवाळ्यात बर्फाने खिंड बंद होते तेव्हा "नाहीतरी बंदच आहे, सायकलवाल्यांना द्या" असं तिथे कुणी म्हणत नाही.

आणि खऱ्या बिनगाडीच्या वाटा म्हणाल तर त्या कुणाचा रस्ता काढून घेऊन केलेल्या नाहीत. साल्झबर्गहून खाली इटलीत ग्राडोच्या समुद्रापर्यंत आल्पे-आद्रिया मार्ग जातो. त्याचा इटलीतला फार सुंदर तुकडा बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून आहे. जुने बोगदे, जुने पूल, रेल्वेचाच म्हणून अंगाला न जाणवणारा चढ. दमलात तर सायकलसकट आगगाडीत बसा. चढउतार, आपण मागणी करतो तेव्हा यातला फक्त पहिला फोटो घेतो, बाकी सगळं सोडून देतो.

खडकवासल्याचा वारा

आल्प्स लांब राहिले. सिंहगडावर काय झालं ते आठवा. 2022 च्या मे महिन्यात खासगी गाड्या खाली थांबवून वर ई-बस सुरू केल्या. आम्ही सायकलवाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पंधरा-वीस दिवसांत गुंडाळलं. जेमतेम नऊ-दहा किलोमीटरच्या घाटात जमलं नाही, आणि हे निघाले अख्खा वरंधा रिकामा करायला.

पंक्चरवाली काकू

चढउतार, एक साधा प्रश्न. आपण भोरपर्यंत सायकल कशी नेता?

चढउतार

त्याचा इथे काय संबंध?

पंक्चरवाली काकू

म्हणजे गाडीच्या टपावर. आलं लक्षात.

चढउतार

हो, टपावर नेतो. रविवारी एकच सुट्टी मिळते, घरी सहा वर्षांचा मुलगा आहे. कात्रजपासून हायवेवर ट्रकच्या धुरात सकाळ घालवू का? सायकल न्यायला दुसरी सोय दाखवा, उद्या रॅक विकतो.

लाल डबा

सोय होती. 1986 साली स्वारगेटहून महाडला मी माझी ॲटलस एसटीच्या टपावर टाकून नेली आहे. मागे शिडी असायची. हमालाने सुंभाने कॅरियरला करकचून बांधली, मालाचं तिकीट फाडलं, विषय संपला. शेजारी कोंबड्यांची पाटी होती. महाडला उतरवली तेव्हा सीटवर कोंबड्यांनी आपली पोच दिली होती, तेवढी पुसली आणि निघालो रायगडाकडे. आता ना शिडी, ना टपावर काही चढवता येत. आणि तुम्ही आल्प्स घेऊन बसलात.

ब्रेकव्हॅन

रेल्वे आहे की. सायकल पार्सलमध्ये बुक करायची, गोणपाटात गुंडाळायची, पत्त्याची चिठ्ठी बांधायची. फक्त गाडी किती मिनिटं थांबते ते बघा. मी चिपळूणला उतरून कुंभार्ली घाट चढणार होतो. मी पुढच्या डब्यात, सायकल शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात. धावत पोचेपर्यंत गाडी हलली. सायकल माझ्याआधी रत्नागिरी बघून आली.

गिअरबिअर काही नाही

घडीची सायकल घ्या. पिशवीत घातली की सामान, कुठेही चालते.

लाल डबा

घडीच्या सायकलने वरंधा चढलेला एक माणूस दाखवा.

गिअरबिअर काही नाही

मी. वीस इंची चाकं. घाटमाथ्यावरच्या वाघजाईच्या देवळापर्यंत.

लाल डबा

ढकलत?

गिअरबिअर काही नाही

शेवटचे दोन किलोमीटर. तुमची ॲटलस काय उडत गेली होती?

लाल डबा

ॲटलसला गिअर नव्हता, मांड्या होत्या. आणि मी ढकलली नाही. रायगडाखाली पाचाडला ज्यांच्याकडे मुक्काम केला त्या आजी आज असत्या तर सांगितलं असतं.

हिरडोशीकर

वा. चाळीस प्रतिसाद झाले आणि चर्चा आली कुठे, तर सायकल कशी हलवायची! आमच्याकडे माणसं हलवायला गाडी नसते, त्यावर एक अक्षर नाही. सायकलला टप पाहिजे, पिशवी पाहिजे, ब्रेकव्हॅन पाहिजे. आमची म्हातारी डोळ्यांचं औषध आणायला वडापच्या जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत जाते. लायक्राचे तंग कपडे घातलेल्यांना घाट म्हणजे व्यायामशाळा वाटते.

चढउतार

लायक्रावर येऊ नका. मी पण तुमच्या धबधब्याखाली चारचाकी धुणाऱ्या गावपोरांबद्दल बोलू शकतो.

हिरडोशीकर

बोला की! ती पोरं गावची नाहीत हे गाडीच्या नंबरावरून कळतं. एमएच बारा, तुमच्या पुण्याचा.

इझारकाठची

दोघेही एकच तक्रार करताय, फक्त एकमेकांकडे बोट दाखवून.

हिरडोशीकर

ताई, तुमचा स्टेल्व्हिओचा मुद्दा पटला. हा नाही पटला.

वाघजाईची भजी

माझा घाटमाथ्यावर देवळापाशी स्टॉल आहे, म्हणून विचारते. गाड्या बंद केल्या तर आमचं काय? एका गाडीत पाच जण, पाच प्लेट भजी, पाच चहा, वर घरी न्यायला करवंदं. सायकलवाला येतो, कटिंग घेतो, दोन बाटल्या पाणी भरून मागतो आणि माझाच फोटो काढतो.

खडकवासल्याचा वारा

मावशी, अन्याय आहे. मी तुमच्याकडेच तीन प्लेट कांदाभजी खाल्ली आहेत, मागच्या श्रावणात. उतारावर पोटात गोळा आला होता.

वाघजाईची भजी

तीन प्लेटवाले तुम्ही होय! बरं, मग सगळे तसे नसतात म्हणू. पण तुम्ही एकटेच तसे भेटलात.

मंगळवारकर

गाड्या नकोत तर मंगळवारी पहाटे जा. जानेवारीत. मी चार वर्षं जातो. परवानगी लागत नाही, आंदोलन लागत नाही, रजा लागते.

चढउतार

ठीक आहे. पावसाळ्याचा मुद्दा मागे घेतो. तळियेचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही. पण बाकी मुद्दा सोडत नाही. वर्षातून एक दिवस तरी घाट माणसाच्या वेगाने बघता यावा, एवढंच.

हिरडोशीकर

माणसाच्या वेगाने आम्ही रोजच बघतो, चालत. पण मागे घेतलंत, मोठेपणा तुमचा. आता माझी अट ऐका. डिसेंबरातला एक रविवार, सकाळी सहा ते दहा. एसटी, दुधाची गाडी आणि ॲम्ब्युलन्स सोडून बाकी बंद. आधी वरच्या आणि खालच्या दोन्ही ग्रामपंचायतींना विचारायचं, कलेक्टरला नंतर. आणि प्रत्येकाने भजी खायची, रोख.

चढउतार

डिसेंबरात सहाला घाटात काही दिसत नाही हो. सात ते अकरा करा.

हिरडोशीकर

झालं सुरू. एवढ्यात तास सरकवायला लागले.

वाघजाईची भजी

सात ते अकराच करा. सहाला माझं तेल तापत नाही.

लाल डबा

ते तुमचं ठरवा काय ते. त्या दिवशी जी एसटी सोडणार आहात, तिला मागे शिडी असेल का?