भंगारातल्या गाड्या आणि पावसाचं पाणी: आधी शेड की आधी सेपरेटर?

पागोळी:
गाड्या तोडण्याच्या यार्डात खरं नुकसान पहिल्या सरीतच होतं. महिनोन्‌महिने जमिनीवर साचलेलं ऑइल, ब्रेक पॅडच्या भुकटीतलं तांबं, टायरमधलं जस्त, बॅटरीचं शिसं, सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर वाहतं. आणि पावसाळी नाला म्हणजे सांडपाण्याची गटारलाइन नव्हे. तो बहुतेक ठिकाणी प्रक्रिया-बिक्रिया न होता सरळ नदी-ओढ्याला मिळतो.

माझं म्हणणं एवढंच, की गाडी आली की रचून ठेवण्याआधी पत्र्याखाली, कोब्यावर रिकामी करा. आधी बॅटरी काढा, मग पेट्रोल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. प्रत्येकाचा डबा वेगळा. फाटकाशी सेपरेटर (पाण्यातलं ऑइल वेगळं करणारी टाकी) बसवून हात झटकायचे, तर ते वरातीमागून घोडं.

हिशेबी:
यार्डाची जागा कितीदा भाड्याचीच असते. शेड उभारली, कोबा घातला आणि मालक म्हणाला ‘जागा सोडा’, मग? सेपरेटर म्हणजे कप्प्यांची टाकी. ऑइल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. शंभर गाड्यांमागे धावण्यापेक्षा एका तोंडावर पहारा ठेवलेला बरा.

पागोळी:
त्या पहाऱ्यात तवंग सापडेल हो, पण कूलंटचं काय? त्यातलं ग्लायकॉल साखरेसारखं पाण्यात विरघळतं, टाकीतून आरामात निघून जातं. चवीला गोडसर असल्यानं कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. विरघळलेलं तांबं-जस्तही तसंच निसटतं. कुणी साबण टाकून फरशी धुतली, तर ऑइलचे थेंब इतके बारीक होतात की तेही वर येत नाहीत. त्यातून धो धो पावसात पाणी टाकीत थांबतच नाही, आणि वेळेवर न उपसलेली टाकी आधीचं साठलेलंही बाहेर ढकलते.

जुना फिटर:
दोघंही कागदावरचं बोलताय. इंजिन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी चालू करून आवाज ऐकतं. कोरडं इंजिन कसं चालू करू? ‘रिकामी करा’ म्हणताय, पण इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट काढला तरी फिल्टरमध्ये, कूलरमध्ये ऑइल उरतंच. आणि सगळ्यात जास्त सांडतं ते काढतानाच, हे कोणी सांगत नाही.

वेगवेगळ्या डब्यांचं मात्र खरंय. आम्ही एकदा सगळं एकाच पिंपात ओतलं होतं. जुनं ऑइल नेणाऱ्यानं झाकण उघडलं, कूलंट मिसळलेलं बघितलं आणि पिंप तिथंच ठेवून गेला.

कोबा:
काका, विकायचं इंजिन भरलेलं ठेवा की! पण छपराखाली, आणि तोंडं बंद करून. खाली ट्रे ठेवून उघड्यावर ठेवलंत तर काही उपयोग नाही. ट्रे पावसानं भरतो, ऑइल वर येतं आणि काठावरून तेच आधी सांडतं.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशातही हाच क्रम आहे: आधी द्रव आणि घातक भाग काढायचे, मग पुढची तोडफोड.

हिशेबी:
तोच निर्देश पुढेही वाचा. सांडलेलं गोळा करण्याची सोय आणि पावसाच्या पाण्यावर प्रक्रिया करण्याची सामग्रीही त्यात आहे. म्हणजे माझा सेपरेटर आलाच की! आणि खरी भीती वेगळीच आहे. एवढं सगळं पहिल्या दिवसापासून सक्तीचं केलंत तर मोठी यार्डं करतील, छोटा भंगारवाला रस्त्याकडेला अंधारात गाडी तोडेल. तिथे शेडही नाही, सेपरेटरही नाही.

पागोळी:
हे मान्य, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण छोट्यालाही फारसा खर्च नसलेली कामं आहेत. बाहेरचं पाणी यार्डात शिरू नये म्हणून चढाच्या बाजूनं मातीचा बांध घाला. सांडलं की लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्या, पाइपानं धुऊ नका, आणि तो ऑइल प्यायलेला भुसा कचऱ्यात टाकू नका. बॉनेट बंद ठेवा! उघड्या बॉनेटखाली पाऊस फुकटात इंजिन धुतो. बॉनेटच विकलं असेल तर ताडपत्री. बॅटरीच्या बाबतीत मात्र सवलत नको, ती पहिल्याच दिवशी निघाली पाहिजे.

सेपरेटर बसवा, माझी ना नाही. फक्त तो शेवटचा असू दे, एकुलता एक नको.

हिशेबी:
आणि मी म्हणतो, पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर तोच पहिला. बाकीचं माणसांच्या सवयीवर चालतं, सवय सुट्टीवर जाते.

कोबा:
टाकी उपसणं हीसुद्धा सवयच आहे ना?

जुना फिटर:
बॉनेटचं पटलं, उद्यापासून बंद. ताडपत्री मात्र वाऱ्यानं उडते. वर टायर ठेवले तर त्यात पाणी साचून डास होतात, म्हणून मी ब्रेकच्या जुन्या डिस्क ठेवतो.

पागोळी:
काका, तांब्याची भुकटी त्या डिस्कवरच असते!