सेबीत विधी अधिकारी: परदेशातून माहिती कशी मागवतात?

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेबीत (शेअर बाजाराची नियामक संस्था) किंवा गांधीनगरच्या आयएफएससीएत (आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रांचं नियामक प्राधिकरण) विधी अधिकारी व्हायचंय. परदेशी नियामकांशी नेमकं काम कसं चालतं?

उत्तर १: ताई, आधार आयोस्कोच्या, म्हणजे जगभरच्या शेअर बाजार नियामकांच्या संघटनेच्या, २००२ च्या बहुपक्षीय कराराचा. त्याखाली बँकेच्या नोंदी, ब्रोकरचे व्यवहार, खात्यामागचा खरा मालक विचारता येतो. बँकेच्या गोपनीयतेची सबब चालत नाही. विनंतीपत्रात संशयास्पद घटना, मोडलेलं कलम, खातं, कालावधी आणि माहितीचा उपयोग लिहा. ‘सगळे व्यवहार द्या’ असं मोघम लिहिलं की उलट प्रश्न येतात, वेळ जातो. उपयोगाचं वाक्य तर दहादा वाचा. त्यात न बसणाऱ्या कामासाठी कागद वापरायचे तर पाठवणाऱ्या नियामकाची संमती लागते.

उत्तर २: फौजदारी तपासासाठी पुरावा हवा असेल तर वाट वेगळी: बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ११२ खाली न्यायालयाचं विनंतीपत्र. या दोन्हींची गल्लत फार महागात पडते.

उत्तर ३: सेबी ग्रेड ए साठी खुल्या वर्गाला वय ३० पर्यंत. रिझर्व्ह बँकेच्या विधी अधिकाऱ्याला मात्र सनदेनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा इथल्या खंडपीठात वकिली जरूर करा. फेमा १९९९ (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) आत्तापासूनच मूळ कायद्यातून वाचा, गाईडवर विसंबू नका.