जुनं एसडी चित्रीकरण नव्या ब्लू-रेवर: केवळ आवाजासाठी पुन्हा पैसे मोजावेत का?

कानसेन

मैफली आणि ऑपेरांची जुनी व्हिडिओ रेकॉर्डिंग ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त क्षमतेच्या तबकडीवर यावीत, चित्र जुन्या टीव्हीच्याच दर्जाचं, स्टँडर्ड डेफिनिशन (एसडी) राहणार असलं तरी यावीत, असं माझं ठाम मत आहे. ईगल रॉक कंपनीने तर ‘एसडी ब्लू-रे’ अशी मालिकाच काढली. चित्र जुन्या व्हिडिओवरून मोठं केलेलं, आवाज मात्र काटछाट न केलेला, आणि हे वेष्टनावर छापलेलं. त्यावर ‘मग ब्लू-रे कशाला?’ अशी टीका बऱ्याचदा ऐकू येते. त्याचं हे उत्तर.

१९८०-९०च्या काळात कॅमेऱ्याला मर्यादा होती: युरोपात ६२५ रेषा, अमेरिकेत ५२५. आवाजाला ती नव्हती. सभागृहाबाहेर रेकॉर्डिंगचा ट्रक उभा असायचा आणि त्यात २४ ट्रॅकच्या टेपवर प्रत्येक माइक वेगळा नोंदला जायचा. ती टेप नीट राहिली असेल, तर तिच्यात डीव्हीडीवर कधीच न आलेला ऐवज आहे.

तो का आला नाही, तर जागा नव्हती म्हणून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सहा वाहिन्या (प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज) असा चहूबाजूंनी येणारा सराउंड आवाज न दाबता, म्हणजे त्याची माहिती कमी न करता ठेवायचा तर सेकंदाला ६.९ मेगाबिट लागतात. डीव्हीडीवर चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून १०.०८ मेगाबिटांत बसवावं लागतं. म्हणून सहा वाहिन्या डॉल्बी डिजिटल या आवाज दाबायच्या पद्धतीने सेकंदाला ४४८ किलोबिटांपर्यंत दाबल्या जात, म्हणजे साधारण पंधरावा हिस्सा. त्यासाठी गरजेप्रमाणे वरच्या पट्टीत वाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. झांजांची घसट, तारांवर फिरणाऱ्या गजाची खरखर, सभागृहाची गुंज आणि टाळ्या, या सगळ्याची तिथे सरमिसळ होते. टाळ्या नीट ऐका. डीव्हीडीवर बऱ्याचदा एकसलग सळसळ ऐकू येते, ब्लू-रेवर माणसं टाळ्या वाजवताना ऐकू येतात.

रिळवाला

असहमत. तुम्ही सराउंडचं गणित मांडलंत, पण स्टिरिओ सोयीस्करपणे वगळलात. डीव्हीडीवर न दाबलेला स्टिरिओ आवाज, म्हणजे पीसीएम, पहिल्यापासून चालतो, अगदी २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत. संगीताच्या कितीतरी डीव्हीडींवर पीसीएमचा पर्याय असतो. ज्याच्या घरी दोनच स्पीकर आहेत, आणि आपल्याकडे बहुतेकांकडे दोनच असतात, त्याने त्याच चित्रासाठी पुन्हा पैसे का द्यावेत?

दुसरं, तुमची टाळ्यांची तुलना. डॉल्बी डिजिटलमध्ये वेगवेगळ्या कार्यक्रमांची आवाजाची पातळी सारखी ठेवणारी डायलनॉर्म नावाची सोय असते. तिच्यामुळे तोच आवाज अनेकदा सुमारे ४ डेसिबल हळू वाजतो. मोठा आवाज माणसाला बहुधा अधिक चांगला वाटतो. दोन्ही आवाज मोजून समान पातळीवर आणा, कुठला कुठला हे न सांगता कुणाला तरी लावायला सांगा, आणि मग बोला. शिवाय ब्लू-रेसाठी मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकची जुळवणी, नव्याने केलं असेल, तर तुम्ही दोन मिक्सची तुलना करताय, तबकड्यांची नाही.

जे खरंच फिल्मवर चित्रित झालंय त्याची गोष्ट वेगळी. संचालक बर्नस्टाइनने १९७०च्या दशकात व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या माहलरच्या सिंफनी ३५ मिमी फिल्मवर आहेत. त्यातून खरं हाय डेफिनिशन निघतं. ते आणि ताणलेला व्हिडिओ एकाच निळ्या डबीत विकले, की गिऱ्हाईक फसतं.

तीव्रमध्यम

मी कानसेन यांच्या बाजूने, पण चित्राशी खेळ करणार नसाल तरच.

एका प्रकाशकाची ब्लू-रे घेतली होती. मूळ चित्रीकरण ४:३. त्यांनी ते रुंद पडद्यावर भरून दिसावं म्हणून वरून-खालून कापलं. त्यात उंचीचा पाव भाग जातो. चेलोवादकाचं कपाळ वर गेलं आणि गज धरलेला हात खाली. वर यंत्राकडून तपशील ‘भरून’ घेतलेला, त्यामुळे चेहरे मेणाचे. आवाज अप्रतिम होता, आणि पडद्याकडे बघवत नव्हतं.

हे टाळणं अवघड नाही. ब्लू-रेच्या नियमांत ४८० आणि ५७६ रेषांचं इंटरलेस्ड चित्र (एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांनी, म्हणजे फील्डनी, बनलेलं) जसंच्या तसं ठेवायची मुभा आहे. मोठं करायचंच असेल तर १०८०आय, म्हणजे १०८० रेषांचं इंटरलेस्ड, करा, पण सेकंदाला ५० किंवा ६० फील्डची मूळ हालचाल राखा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. तबलजीची बोटं व्हिडिओत जशी पळतात तशीच पळायला हवीत.

रिळवाला

यावर पूर्ण सहमत. पण मग प्रश्न उरतोच. आवाजच हवा असेल तर आवाजच विका. न दाबलेली फाइल उतरवून घेता येते. तबकडीचं युग मावळतंय, ओप्पोने २०१८ मध्येच ब्लू-रे प्लेअर बनवणं थांबवलं. त्यात ब्लू-रेचे रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचे विभाग: भारत सी, अमेरिका ए. न्यू जर्सीच्या मावशीने आणलेली डिस्क पुण्यात चालेलच याची खात्री नाही.

कानसेन

रिळवाला, स्टिरिओचा मुद्दा मान्य. फक्त स्टिरिओच उपलब्ध असेल आणि डीव्हीडीवर पीसीएम असेल, तर मीही कुणाला ब्लू-रे घ्यायला सांगणार नाही. समान पातळीवर ऐकण्याची अटही रास्त आहे. पण नवं मिक्स हा तुम्ही आक्षेप मानता, मला तो मुख्य लाभ वाटतो. मूळ टेपपर्यंत परत जायला कुणीतरी पैसे घालतं ते नवी आवृत्ती काढायची असते म्हणूनच.

नुसता आवाज पुरत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९९० मध्ये वाग्नरची चार ऑपेरांची अख्खी ‘रिंग’ टीव्हीवर दाखवली. लेव्हाइन यांचं संचालन, बेहरेन्स आणि मॉरिस गायला. ती डीव्हीडीवर ७ तबकड्यांत आहे. शेवटचा ऑपेरा एकटा साडेचार तासांच्या आसपास. चित्राला ८ मेगाबिट आणि न दाबलेल्या सराउंडला ७ धरले, तरी तो जवळजवळ ३० जीबीत मावतो, आणि दोन थरांच्या ब्लू-रेवर ५० जीबी असतात. मध्ये उठून तबकडी बदलावी लागत नाही. शेवटी नायिका ब्रुनहिल्ड चितेकडे निघते तेव्हा तिचा चेहरा पाहायचा असतो, तो ५२५ रेषांत का असेना.

रीजनचं म्हणाल तर संगीताच्या पुष्कळ ब्लू-रेंवर रीजनचं कुलूप नसतं. घेण्याआधी मागची बाजू वाचावी.

खर्ज

सगळी चर्चा परदेशी रेकॉर्डिंगची चालली आहे. मला आपल्याकडची काळजी आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून आपल्या गवयांचं जे काही चित्रित झालं, त्यातल्या पुष्कळशा मैफलींचा २४ ट्रॅकचा वेगळा मास्टर कुठेच नाही. जो आवाज आहे तो व्हिडिओ कॅसेटच्याच कडेच्या ट्रॅकवर, बहुधा मोनो. तो ब्लू-रेवर ठेवा नाहीतर डीव्हीडीवर, तानपुऱ्याची जवारी वाढणार नाही. इथे रिळवाला यांचा युक्तिवाद दुप्पट लागू पडतो.

पण त्यावरून ‘राहू दे मग’ असं कुणी म्हणू नये. जुन्या टेपचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद, ओल शोषतो, चिकट होतो आणि यंत्राच्या हेडवर उतरतो. अशी टेप कमी आचेवर कित्येक तास भाजून मगच एकदा वाजवता येते. जुन्या व्हिडिओ कॅसेट वाजवणारी यू-मॅटिक यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे लोक, दोन्ही संपत चाललेत. आपल्याकडचा पैसा आधी त्या एकदा वाजवण्यावर जावा. ते नीट झालं, मूळ गतीत, आवाज गाळून-घासून निर्जीव न करता, तर नंतर कोणत्या तबकडीवर घालायचं यावर खुशाल भांडू.

तीव्रमध्यम

खर्ज, एकच जोड. त्या एकदा वाजवण्यात आवाज २४ बिटांत आणि कॅसेटवरचे आवाजाचे दोन्ही ट्रॅक वेगवेगळे नोंदवायला हवेत, ‘मोनोच तर आहे’ म्हणून एकत्र करून नव्हे. पुष्कळदा एक ट्रॅक खराब असतो आणि दुसऱ्यावर आवाज स्वच्छ असतो.