भाषेच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेचे दिवस
भाषा घेतलेल्यांना वार्षिक परीक्षेत फारसा अभ्यास नसतो, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. अहो, व्याकरण, भाषांतर, ऐकणं, बोलणं सगळ्याची वेगळी तयारी लागते आणि ती शेवटच्या रात्रीत होत नाही. माझं रशियन आहे, सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा विभक्त्या घेते, सहा विभक्त्या, त्यात तीन लिंगं, अनेकवचन परत वेगळं, नुसता तक्ता वाचून काही होत नाही, तो झाकून कोऱ्या कागदावर लिहून काढायचा, चुकलं तिथे लाल पेन आणि संध्याकाळी फक्त तेवढंच परत. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, म्हणून मध्ये गॅप ठेवून उजळणी. दुपारी लिसनिंग. बोलण्याचा सराव मात्र एकटीने होतच नाही, रूममेटला समोर बसवते, ती मराठीत प्रश्न विचारते, मी रशियनमध्ये उत्तर देते, तिला एक शब्द कळत नाही पण मी कुठे अडखळले ते ती बरोबर सांगते, फार मदत होते तिची. आणि ओरलच्या आदल्या रात्री जागरण नकोच, येत असलेले शब्दसुद्धा ऐनवेळी तोंडात येत नाहीत.