असाइनमेंट बंद करू नका, प्रश्न बदला

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की लिनिअर अल्जेब्राला (मॅट्रिक्स म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्या, त्यांचं गणित) असाइनमेंटचे अंतर्गत गुण नकोतच, मुलं एकाच वहीवरून उतरवतात, तेव्हा सगळं लेखी परीक्षेवर ठेवा. उतरवतात हे खरंच आहे. मी सांगलीत बीएस्सीला हा विषय शिकवते. एकदा 22 वह्यांत एकच चूक सापडली, रो ऑपरेशन (मॅट्रिक्सच्या एका ओळीत दुसरीची पट मिळवणं किंवा वजा करणं) करताना उणे 3 चं अधिक 3. वाईट वाटलं, पण त्यात माझाही दोष होता: प्रश्न सगळ्यांना एकच दिला होता.

आता प्रत्येकाच्या मॅट्रिक्समध्ये त्याच्या रोल नंबरचा शेवटचा आकडा घालते. वही दिली की त्यातली एक पायरी फळ्यावर करून दाखवायची. तासगावहून एसटीने येणारी एक मुलगी लेखी परीक्षेत घाबरते, पण फळ्यावर रँक (एकमेकींवर अवलंबून नसलेल्या ओळींची संख्या) काढताना पिव्हट (ज्या संख्येच्या आधारे तिच्याखालच्या संख्या शून्य करतात ती) का बदलला ते नीट सांगते. तिचं हे येणं तीन तासांच्या पेपरात कुठे दिसणार?

तपासताना सुरुवातीची वजाबाकी चुकली आणि पुढची रीत बरोबर असली तर 5 पैकी एकच गुण कापावा. मात्र पडताळा न केल्याबद्दल मी जरूर कापते. उदाहरणार्थ आयगेन व्हॅल्यू, म्हणजे मॅट्रिक्स ठरावीक दिशांतल्या सदिशांना जितक्या पट करते त्या संख्या: त्यांची बेरीज मुख्य कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी, गुणाकार डिटरमिनंटइतका (दोन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी दोन कर्णांच्या गुणाकारांतली वजाबाकी). मॅट्रिक्सची पहिली ओळ 2, 1 आणि दुसरी 1, 2 असेल तर उत्तर 1 आणि 3; बेरीज 4, गुणाकार 3. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.